एक पानी नियम: कॅम्पेनच्या कामाच्या नोंदी

४ जानेवारी

नवीन कॅम्पेन, म्हणजे अनेक बैठकांत चालणारी एक गोष्ट, सुरू करायचंय. पाच खेळाडू, खेळ डीअँडडी (डंजन्स अँड ड्रॅगन्स, फासे टाकून आणि बोलून खेळायचा भूमिकांचा खेळ) पाचवी आवृत्ती, डीएम, म्हणजे गोष्ट चालवणारा आणि निकाल देणारा, मी. त्याआधी एक काम हातात घेतलंय, आमच्या टेबलाचे नियम एका कागदावर उतरवायचे, पाठपोट एक पान आणि बस्स. जे त्यात मावणार नाही ते पुस्तकात असेल तसं, आणि पुस्तकात नसेल तर त्या वेळी मी ठरवेन.

कारण असं की मागच्या कॅम्पेनमधे कुणी कुणाची मानगूट धरायला गेलं की खेळ ठप्प, तिघं पुस्तक उघडणार, चौथा मोबाईलवर शोधणार आणि पाचवा जांभया देणार. त्याच्याही आधी एक ग्रुप होता तिथे उलटं, सगळं तोंडी, "मजा आली ना, मग झालं", आणि काही दिवसांनी कुणी डोकं चालवून काही करेनाच, कारण प्लॅन करून फायदा काय, शेवटी डीएमला आवडलं तर होणार नाहीतर नाही. लोक नियम आणि मजा अशी तराजूची दोन पारडी करतात ते मला यामुळेच पटत नाही. नियम म्हणजे खेळाडूला आधी दिलेला शब्द आहे, त्याच्या भरवशावर तो उडी मारतो. शब्द किती द्यायचे आणि कधी द्यायचे एवढाच प्रश्न.

पहिला निर्णय पुस्तकाचा. पाचव्या आवृत्तीचं मूळ २०१४ चं की सुधारलेलं २०२४ चं? दोघांकडे जुनं, एकाकडे नवं, बाकीचे जे मिळेल ते वाचतात. हे आधी नाही मिटवलं तर खेळात मिटवावं लागणार. जुन्यात पकडापकडी म्हणजे दोघांनी समोरासमोर रोल करायचा (वीसबाजूचा फासा टाकायचा), नव्यात ज्याला पकडतोय त्याने सेव्ह, म्हणजे वाचायचा रोल, करायचा. जुन्यात गाफील सापडलात तर पहिला टर्न पूर्ण गेला, नव्यात फक्त इनिशिएटिव्हला, म्हणजे कुणाचा टर्न आधी ते ठरवणाऱ्या रोलला, डिसॲडव्हांटेज (दोन फासे टाकून कमीचा धरायचा). औषधाची बाटली पिणं जुन्यात पूर्ण ॲक्शन, म्हणजे त्या टर्नचं मुख्य काम, नव्यात बोनस ॲक्शन, म्हणजे जोडीचं छोटं काम. ठरवलं की पाया २०१४ चा आणि या तीन गोष्टी २०२४ च्या. पानावर पहिल्या तीन ओळी याच.

७ जानेवारी

सेशन झीरो. फासे नाहीत, फक्त गप्पा. मी एकच विचारलं, आधीच्या खेळांमधे वैताग कशाचा यायचा? उत्तरं एकमेकांच्या विरुद्ध. एकाला नकाशा हवा, चौकोन मोजून हालचाल हवी. एकीला लढाई लवकर संपून लोकांशी बोलायचंय. एक जण म्हणाला मला मरायची भीती हवी, नाहीतर जिंकल्याची मजा नाही, आणि त्याच्या शेजारचीच म्हणाली की माझं कॅरेक्टर मेलं तर मी परत नवं बनवणार नाही, आधीच सांगते.

यावर मधला रस्ता काढायच्या भानगडीत पडलो नाही, मधल्या रस्त्यावर कुणालाच मजा येत नाही. त्याऐवजी दोघांसमोर नियम ठेवला: शून्य एचपीला (एचपी म्हणजे अंगात उरलेला जीव) डेथ सेव्ह, म्हणजे तीन पास झाले की वाचला, तीन हुकले की मेला असे रोल, पुस्तकात आहेत तसेच, पण पार्टीतलं, म्हणजे खेळाडूंच्या टोळीतलं, कुणी मेलं तर त्याला परत आणायचा मार्ग जगात आहे, महाग आहे, आणि त्यासाठी एक अख्खं सेशन जाईल. दोघंही हो म्हणाले. कुठले विषय टेबलावर नकोत आणि कुठले फक्त पडद्याआड चालतील तेही विचारून घेतलं, त्या ओळी पानावर सगळ्यात वर, त्यावर चर्चा नाही.

नियमांचा कीस काढणारा एक गडी आहेच. प्रत्येक टेबलावर असतो. लोक उगाच त्याला नावं ठेवतात. अरे, तो फुकटात पुस्तक पाठ करून आलाय, त्याला कामाला लावा ना! त्याला सांगितलं की शोधायचं काम तुझं, वेळ एक मिनिट, तेवढ्यात सापडलं तर पुस्तक खरं, नाही सापडलं तर मी सांगतो ते आज खरं आणि खरा नियम काय ते सेशननंतर ग्रुपवर टाक. इतका खूश झाला की बास.

११ जानेवारी

आज गणित. हा भाग लोकांना कंटाळवाणा वाटतो पण मजेचा अर्धा हिशोब इथेच आहे.

समजा पार्टीला एका छावणीतून गुपचूप जायचंय. प्रत्येकाची न सापडण्याची शक्यता ६० टक्के, म्हणजे तशी बरी. आता डीएम म्हणतो, सगळ्यांनी स्टेल्थ रोल करा, एक जरी हुकला तरी पहारेकरी जागा. पाचही जण सुटायची शक्यता किती? ७.८ टक्के. म्हणजे चोरून जाणं हा पर्याय कागदावर आहे, खरा नाहीच. दोन-तीनदा तोंडावर आपटलं की पार्टी काय शिकते तर सरळ दार फोडून आत घुसायचं, आणि मग आपणच तक्रार करणार की यांना लढाईशिवाय काही सुचत नाही.

पुस्तकातच यावर उपाय आहे, ग्रुप चेक, निम्मे किंवा जास्त पास झाले की अख्खा ग्रुप पास. पाचातले तीन हवेत, आणि तीच ६० टक्क्यांची माणसं आता ६८ टक्के वेळा पार होतात. कुठे आठ आणि कुठे अडुसष्ट. नियम मोडायची गरजच नव्हती, होता तोच वापरायचा होता.

दुसरा सापळा म्हणजे परत परत रोल. एकट्या चोराची शक्यता ७० टक्के, पण भिंतीपाशी एक रोल, अंगणात एक, जिन्यावर एक, की झाले ३४ टक्के. बर्निंग व्हील नावाच्या गेममधे यासाठी खास नियम आहे, एकदा रोल झाला की परिस्थिती खरोखर बदलेपर्यंत तोच निकाल चालू ठेवायचा, डीएमने परत मागायचा नाही आणि खेळाडूनेही नाही. सरळ उचलला. पानावर लिहिलं: एका हेतूला एक रोल.

१८ जानेवारी

पहिलं खरं सेशन. एक प्रसंग नीट लिहून ठेवतो.

किल्ल्याचा उचलता पूल, खाली खंदक, पुलाच्या मधोमध दोन पहारेकरी. चोर खेळणारी म्हणाली, मी बाजूचा दोर कापते, पूल तिरका झाला की दोघं खाली. पुस्तकात असं काही नाही. मी आधी सगळं मोठ्याने सांगितलं: डीसी (गाठायचा आकडा) १५, जमलं तर दोघं खंदकात, लढाईतून बाहेर. हुकलं तर दोर अर्धा तुटेल आणि दोघांची नजर तुझ्यावर. ती थांबली, विचार केला, फायटरला म्हणाली तू दोर ताणून धर. मदत, म्हणजे ॲडव्हांटेज, दोन फासे टाकून जास्तीचा धरायचा. तिचा मॉडिफायर (फाशात मिळवायचा आकडा) +५, म्हणजे एरवी ५५ टक्के, ॲडव्हांटेजने जवळपास ८०. दोन फासे टाकले, ६ आणि ९. नऊ अधिक पाच, चौदा.

सगळे माझ्याकडे बघायला लागले. एकाने तर "अरे जाऊ दे ना, एकच कमी आहे" म्हणून पाहिलं. डीसी मनात ठेवला असता तर मीही १४ लाच हो म्हणून मोकळा झालो असतो, कुणाला कळलं नसतं. पण पंधरा हा आकडा सगळ्यांनी ऐकला होता. दोर अर्धा तुटला, पहारेकरी वळले, आणि पुढच्या टर्नला फायटरवाला काय करतो तर अंगात अख्खं चिलखत घालून स्वतःच पुलावर धावत जातो. म्हणे अर्धा दोर माझ्या वजनाने तुटेलच की! तुटला. तिघंही खंदकात. मग पंधरा मिनिटं त्या चिखलात जी काय कुस्ती चालली, सेशनमधली सगळ्यात धमाल तीच.

मी चौदाला हो म्हटलं असतं तर हे झालंच नसतं. रोलच्या आधी मी कितीही ढिला असायला तयार आहे, डीसी कमी कर म्हणा, मदत आहे म्हणा, दोर जुना आहे का विचारा, मी ऐकतो आणि बऱ्याचदा मानतोही. फासा टेबलावर थांबला की बोलणं बंद.

२० जानेवारी

पान आवृत्ती दोन. जोडलेली ओळ: रोलच्या आधी तीन गोष्टी बोलायच्या, डीसी, जमलं तर काय, हुकलं तर काय. तिसऱ्याचं उत्तर "काहीच नाही, परत ट्राय कर" असेल तर रोल करायचाच नाही, जमलं म्हणून पुढे.

१ फेब्रुवारी

पडद्यामागे रोल करायचा की समोर? डीएमचा पडदा मला आवडतो, नकाशे लपतात. पण रोल आता समोर. पडद्यामागे फक्त ते, ज्याचा निकाल कॅरेक्टरला कळूच शकत नाही.

फज करणाऱ्यांचं, म्हणजे पडद्यामागे निकाल हळूच बदलणाऱ्या डीएमचं, म्हणणं मला माहितीये, वाईट नशिबाने कुणाची संध्याकाळ वाया जाऊ नये. बरोबरच आहे. पण ती सूट माझ्या खिशात कशाला? खेळाडूच्या हातात द्या. जुन्या पुस्तकात इन्स्पिरेशन, म्हणजे बक्षीस म्हणून मिळालेली सवलत, रोलच्या आधी वापरावं लागतं आणि लोक जपून जपून ठेवतात आणि विसरतात. नव्या पुस्तकात फासा पडल्यावर तो परत टाकता येतो, मात्र दुसरा निकाल पक्का. तो नवा नियम घेतला, प्रत्येकाला सेशनच्या सुरुवातीला एक टोकन, समोर दिसेल असं. आता नशीब फिरवायचं की नाही ते ज्याचं त्याने बघावं.

राक्षसाचे एचपी मधेच वाढवणं किंवा कमी करणं हेही फजिंगच, फक्त आवाज येत नाही. त्याला सरळ रस्ता आहे. ओगर (आडदांड राक्षस) घ्या, २०१४ च्या पुस्तकात ५९ एचपी, पण ती सरासरी आहे. खरा हिशोब सात डी-टेन (दहाबाजूचे फासे) अधिक २१, म्हणजे २८ पासून ९१ पर्यंत कुठलाही आकडा नियमातच बसतो. पार्टी थकलेली असेल तर ३५ चा म्हातारा ओगर, ताजीतवानी असेल तर ८० चा. लढाई सुरू व्हायच्या आधी लिहायचं आणि मग त्याला हात लावायचा नाही.

डेथ सेव्हचा आकडाही सांगून ठेवला, उगाच घबराट नको: काही मदत मिळाली नाही तरी जगायची शक्यता साठ टक्क्यांच्या आसपास आहे. मरायची भीती हवी म्हणणारा यावर नाराज. "एवढी जास्त?"

८ फेब्रुवारी

सेशन रद्द, तिघांना जमत नव्हतं. मोकळा वेळ होता म्हणून जरा जुना इतिहास.

नियम की डीएमचा निर्णय, हा वाद आपला नाहीच. १८२४ मधे प्रशियाच्या सैन्यातल्या राइसवित्झ नावाच्या अधिकाऱ्याने लष्करी सरावासाठी क्रीगश्पीलचे नियम छापले, नकाशा, सोंगट्या, फासे, नुकसानीचे तक्ते, आणि मधे एक पंच. पुढे नियम वाढत गेले, खेळ रखडायला लागला, आणि १८७६ मधे व्हेर्दी द्यु व्हेर्नुआ या जनरलने म्हटलं की तक्ते सोडा, अनुभवी पंच सांगेल ते खरं. म्हणजे पुस्तक की डीएम हे भांडण डीअँडडीच्या जवळपास शंभर वर्षं आधीचं आहे! डीअँडडी १९७४ ची, तीही युद्धखेळ खेळणाऱ्यांमधूनच आलेली.

यातली मेख अशी की व्हेर्दीचा पंच हा लढाया बघितलेला अधिकारी होता, आणि समोरचे त्याचा शब्द मानायचे. माझ्याकडे तसला काही अनुभव नाही, मी कधी तलवार धरलेली नाही आणि ड्रॅगनही बघितलेला नाही. त्यामुळे नवीन ग्रुपबरोबर जास्त नियम आणि जुन्या मित्रांबरोबर कमी, हे मला बरोबर वाटतं. पान कायमचं नाही, ओळखी वाढतील तसं ते आखूड व्हायला हवं.

१५ फेब्रुवारी

कापाकापी. नियम ठेवायचा की काढायचा यासाठी एकच चाळणी लावली: या नियमामुळे कुणी वेगळा निर्णय घेतं का?

बाण मोजणं. कुणीच "बाण कमी आहेत, जपून मारते" असं म्हणत नाही, गावात गेलं की भरून घेतात. काढला. मशाली मोजणं, भुयारात असताना ठेवला, कारण तिथे "अजून खाली जायचं की परत फिरायचं" हा प्रश्न मशालीवरच ठरतो. वजनाचा नियम काढायला निघालो तर बार्बेरियनवाला खवळला. त्याची स्ट्रेंग्थ १८, पुस्तकाप्रमाणे पंधरा गुणिले म्हणजे २७० पौंड वाहू शकतो, आणि वजन मोजायचंच नसेल तर माझ्या ताकदीचा उपयोग काय? मुद्दा बरोबर. मग ठरलं, किरकोळ सामान मोजायचं नाही, पण पेटी, पुतळा, बेशुद्ध माणूस असं काही उचलायचं असेल तर आकडा बघायचा. पहिल्याच संधीला तो एका हातात क्लेरिक, म्हणजे पार्टीतला पुजारी, आणि दुसऱ्या हातात दानपेटी घेऊन पळाला.

लढाईचा वेग: हल्ल्याचा आणि डॅमेजचा (किती लागलं त्याचा) फासा एकदम टाकायचा. राक्षसांचं डॅमेज सरासरी धरायचं, पुस्तकात छापलेलंच असतं, ओगरचा सोटा १३. आणि "आता तू, त्यानंतर ती" असं मी म्हणत राहायचं म्हणजे ज्याचा नंबर येतोय तो स्पेल (मंत्र) शोधून तयार. यात विशेष काही नाही, पण फरक भरपूर पडला.

२२ फेब्रुवारी

तपासाचं सेशन होतं म्हणून आधी एक ओळ घातली: गोष्ट पुढे जायला जे लागतंच ते रोलमागे लपवायचं नाही. गमशू नावाची खेळपद्धत याच कल्पनेवर उभी आहे, योग्य कौशल्य असलेला माणूस योग्य जागी शोधतोय तर धागा मिळणारच, मजा धाग्यांचा अर्थ लावण्यात. मग रोल कशासाठी? किती वेळ लागला, कुणी बघितलं का, जास्तीचं काय सापडलं यासाठी.

चिठ्ठी टेबलाच्या खणात होती. विझर्डवाल्याचा रोल ४. चिठ्ठी मिळाली, पण तोवर घरमालक जिन्यात. तो पलंगाखाली शिरला आणि तिथून पाय बघून कोण कोण आलंय ते सांगत बसला. खण "सापडला नाही" म्हणून मिटवला असता तर सगळे आणखी अर्धा तास खोलीतच घुटमळले असते.

अजून एक गोष्ट पानावर आली. अपोकॅलिप्स वर्ल्ड आणि त्याच्या वाटेने गेलेल्या गेममधे दोन सहाबाजूचे फासे टाकतात, १० किंवा जास्त पूर्ण यश, ७ ते ९ म्हणजे "हो, पण", आणि हा मधला टप्पा ४२ टक्के वेळा येतो. त्यामुळे गोष्ट सारखी वळणं घेत राहते. डीअँडडीत तो मधला टप्पा मुळात नाही, पण २०१४ च्या डीएमच्या पुस्तकात एक पर्यायी नियम आहे की एक किंवा दोनने हुकलं तर किंमत देऊन यश देता येतं. घेतला, अट एवढीच की किंमत मी सांगणार आणि घ्यायची की नाही ते खेळाडू ठरवणार.

चोरवालीने लगेच हिशोब मांडला. "म्हणजे पुलावर माझा एकनेच हुकला होता!" हो, पण तेव्हा हा नियम पानावर नव्हता. मग स्वतःच म्हणाली, जाऊ दे, फायटर चिखलात पडलेला बघायला मिळाला ना.

१ मार्च

अपेक्षित प्रश्न आलाच. क्लेरिकवाला, भर लढाईत: "क्रिएट वॉटर (पाणी तयार करायचा स्पेल) वापरून याच्या फुप्फुसात पाणी भरतो." इंटरनेटवरची जुनीच युक्ती. आमच्या नियमवाल्याने अर्ध्या मिनिटात ओळ वाचून दाखवली, दहा गॅलनपर्यंत पाणी, उघड्या भांड्यात. मग "तोंड उघडं आहे की त्याचं" वगैरे सुरू.

इथे नियमावर बोट ठेवून नाही म्हणता आलं असतं, पण त्याने वाद मिटत नाही, फक्त दबतो. मी म्हटलं ठीक आहे, चालेल, पण मग हे जगात सगळ्यांनाच चालेल, समोर जो पुजारी उभा आहे त्यालाही हा स्पेल येतो आणि त्यालाही पहिल्या लेव्हलचाच स्लॉट लागतो, म्हणजे फार खर्च नाही. पाच सेकंद शांतता. मग सगळे एकदम "नको नको नको".

पण खरी गंमत पुढे. त्याने स्पेलचा मजकूर शेवटपर्यंत वाचला, तर तेच पाणी तीस फुटांच्या जागेत पावसासारखं पाडता येतं आणि उघड्या ज्योती विझतात. देवळात उजेड फक्त मशालींचा. शत्रू सगळे माणसं, अंधारात दिसणारा एकही नाही, आणि आमच्यात एक ड्वार्फ, एक एल्फ, दोघांनाही अंधारात दिसतं. विझवल्या मशाली! पुढची लढाई अशी एकतर्फी झाली की माझा अख्खा प्लॅन पाण्यात. मी काही वाचवायला गेलो नाही, त्याने स्पेल नीट वाचला होता, त्याचं ते बक्षीस. त्यांच्या सरदाराने मात्र पळ काढलाय आणि पुढच्या वेळी तो कंदील घेऊन येईल, झाकणवाला.

पानावर: जे तुम्हाला चालतं ते शत्रूलाही चालतं.

८ मार्च

पानाची आवृत्ती चार. पाठची बाजू अर्धी रिकामी झालीये. पुस्तकात आधीच असलेलं सगळं काढलं, इनिशिएटिव्हच्या ओळी काढल्या कारण आता सवयीने होतं. टोकनचा नियम राहिला, फक्त सेशन संपलं की उरलेली परत द्यायची, दोघांनी साठवायला सुरुवात केली होती.

मरायची भीती हवी होती त्याच्यासाठी काय करायचं यावर बोलणं झालं. त्याचं म्हणणं, माझ्यापुरते डेथ सेव्हचे निकाल फक्त मला दिसू दे, बाकीच्यांना आकडा कळला की ते निवांत होतात, दोन पास आहेत म्हणे, थांब जरा. समोर रोल करायच्या नियमाला हा अपवाद, पण तो स्वतः मागतोय आणि बाकीचे चौघं हो म्हणतायत, मग माझी काय हरकत. तीन सेशन करून बघायचं.

१५ मार्च

अजून लिहायचं राहिलेलं: इल्युजन, म्हणजे भास उभे करणारे स्पेल. मायनर इल्युजनने दगड उभा केला तर त्याच्यामागे लपलेल्याला बाण लागतो का, शत्रूला संशय कधी येतो, हात लावून बघायला त्याची ॲक्शन जाते का, या प्रत्येकावर विझर्डवाल्याचं मत दर सेशनला वेगळं असतं, आणि दर वेळी नेमकं त्याच्या फायद्याचं. म्हणून मसुदा त्याच्याकडेच दिलाय. दहा ओळींच्या आत, आणि तपासायला तो सरदार कंदिलाबरोबर एक भ्रमजादूगारही घेऊन येतोय हे त्याला सांगून टाकलंय. पहिला मसुदा रात्रीच आला, बावीस ओळी. परत पाठवला.